अडीच मिनिटांचा दम: महिला खो-खोत शरीराची कसोटी

खो-खोच्या सामन्यात एखादी बचावपटू दोन-अडीच मिनिटे टिकली की टाळ्या पडतात. तीन मिनिटांच्या पुढे गेली, तर दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तिच्या नावापुढे ती वेळ छापून येते. याच मुली सकाळी सरावाआधी तीन-चार किलोमीटर धावतात आणि धावून झाल्यावर बोलत-हसत पाणी प्यायला जातात. मग अडीच मिनिटांच्या बचावानंतर त्या गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, धापा टाकत का उभ्या राहतात? अंतर मोजले तर ते काही शे मीटरच भरेल. तेवढे अंतर सरळ रस्त्यावर धावले तर श्वास एवढा लागत नाही.

या कोड्याचे उत्तर शोधायला धाराशिव जिल्ह्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. इथले प्रशिक्षक डॉ. चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली घडलेल्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार तब्बल २२ वर्षांनी आला होता. पुढे जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. त्यात भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले आणि त्या संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. मोठी मैदाने आणि महागडी साधने नसलेल्या भागातून असे खेळाडू येतात तेव्हा त्यांच्या जिद्दीबद्दल पुष्कळ लिहिले जाते. त्यांच्या शरीराने नेमके काय पेललेले असते, याबद्दल मात्र फारच थोडे.

चौकट: सामना कसा चालतो

मैदान सुमारे २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब, त्यांच्यामध्ये मधली पाटी आणि त्या पाटीवर आठ चौक. आक्रमक संघाच्या आठ जणी या चौकांत एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववी पाठलाग करते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. बाजू बदलायची असेल तर बसलेल्या सहकारी खेळाडूला पाठीमागून स्पर्श करून ‘खो’ द्यावा लागतो. बचाव करणाऱ्या संघाच्या मुली तीन-तीनच्या तुकडीने मैदानात येतात आणि त्यांना कुठूनही, कुठल्याही दिशेने पळता येते. वरिष्ठ गटात एक पाळी ९ मिनिटांची. प्रत्येक संघ दोनदा आक्रमण आणि दोनदा बचाव करतो, म्हणजे खेळाचा एकूण वेळ ३६ मिनिटे.

कळशी, टाकी आणि विहीर

स्नायूला आकसण्यासाठी जे इंधन थेट लागते त्याला एटीपी म्हणतात. गंमत अशी की स्नायूत हे इंधन जेमतेम दोन-तीन सेकंद पुरेल एवढेच साठवलेले असते. म्हणून धावता धावता ते सतत नव्याने तयार करावे लागते आणि त्यासाठी शरीराकडे तीन वाटा आहेत. पाण्याची ओढ असलेल्या गावातल्या घराकडे पाहिले की या वाटा चटकन समजतात.

स्वयंपाकघराच्या दाराशी भरलेली कळशी असते. तहान लागली की हात घातला आणि पाणी घेतले. पण ती लवकर रिकामी होते. स्नायूतली ही कळशी म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट नावाचा साठा. पूर्ण जोराने पळताना तो सुमारे दहा सेकंदांत बराचसा संपतो. अंगणात टाकी असते. तिच्यात पाणी जास्त, पण ते काढायला थोडा वेळ लागतो आणि टाकी उपसत गेले की तळाचा गाळ वर येतो. ऑक्सिजनची वाट न पाहता स्नायूतली साखर फोडून ऊर्जा मिळवण्याची दुसरी वाट अशीच आहे. ती जोरदार असते, पण तिच्यामुळे स्नायूतली आम्लता वाढते, पाय जड होतात आणि चपळाई घटते. तिसरी वाट विहिरीची. पाणी भरपूर, पण पोहरा खाली सोडून ओढायचा म्हणजे वेळ जाणारच. श्वासावाटे आलेला ऑक्सिजन रक्तातून स्नायूपर्यंत पोचतो आणि साखर व चरबी सावकाश, पूर्णपणे वापरली जाते, ती ही वाट. सकाळचे तीन-चार किलोमीटर बहुतेक सगळे या विहिरीवर चालतात, म्हणून ते झेपतात.

खो-खोतल्या बचावपटूची अडचण अशी की विहिरीचा पोहरा वर येईपर्यंतच तिची निम्मी लढाई होऊन जाते. एकदम जोराचे काम सुरू झाले की हृदय, फुप्फुसे आणि रक्तप्रवाह पूर्ण वेग घ्यायला दीड-दोन मिनिटे घेतात. तोवर सगळा भार कळशी आणि टाकीवर. शिवाय तिचे धावणे एकसारखे नसते. चार पावले जोरात, एक थांबा, एक हुलकावणी, पुन्हा सहा पावले. प्रत्येक झेपेला कळशी थोडी रिकामी होते. पाठलाग करणारी दुसऱ्या बाजूच्या मुलीमागे लागली की काही सेकंद उसंत मिळते आणि तेवढ्यात विहिरीचे पाणी कळशीत पडते. कळशी अर्धी भरायला साधारण अर्धा मिनिट आणि जवळपास पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. सामन्यात एवढी फुरसत कोण देणार? पाठलाग करणाऱ्या संघाचा सगळा डावच ती मिळू न देण्याचा असतो. एकीच्याच मागे लागून एकापाठोपाठ एक खो देत राहायचे, म्हणजे तिची कळशी भरतच नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विहीर जितकी मोठी, तितकी उसंतीत कळशी लवकर भरते. म्हणून लांब पल्ल्याचे धावणे बचावपटूसाठी वाया जात नाही. पण नुसते तेवढेच केले तर टाकीचा गाळ सोसायची आणि दहाव्या झेपेलाही पहिल्या झेपेइतकाच जोर लावायची सवय होत नाही. ती छोट्या, जोरदार, अपुऱ्या विश्रांतीच्या धावांनीच होते.

तुकड्यांच्या पद्धतीमुळे आणखी एक त्रास होतो. तिसऱ्या तुकडीतली मुलगी पाळी सुरू झाल्यावर बराच वेळ बाहेर बसून असते. केव्हा आत जावे लागेल ते तिच्या हातात नसते. आधीच्या तुकडीतली शेवटची मुलगी बाद झाली की तिला ताबडतोब मैदानात शिरावे लागते. तोवर सुरुवातीला तापवलेले स्नायू पुन्हा थंडावलेले असू शकतात. म्हणून जाणते प्रशिक्षक बाहेरच्या मुलींना बसू देत नाहीत, जागच्या जागी हालचाल करायला लावतात. आणि तिन्ही तुकड्या बाद झाल्या तर पहिल्या तुकडीला त्याच पाळीत पुन्हा उतरावे लागते, तेही अर्धवट भरलेल्या कळशीनिशी.

पळण्यापेक्षा थांबणे महाग

हुलकावणी म्हणजे पाठलाग करणारीला एक दिशा दाखवून दुसरीकडे निसटणे. पाहणाऱ्याला त्यात चपळाई दिसते. शरीराच्या हिशेबात मात्र ती आधी थांबण्याची आणि मग पुन्हा वेग घेण्याची दुहेरी मेहनत असते. वेग घेताना मांडीचे स्नायू आकसून जोर लावतात. थांबताना त्याच स्नायूंना ताणले जात असतानाच जोर लावावा लागतो. अशा ताणलेल्या अवस्थेत स्नायू सर्वांत जास्त बल पेलतो आणि त्याच्या धाग्यांना सूक्ष्म इजाही सर्वांत जास्त होतात. सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात त्या यामुळे. या ठणक्याचा दोष पुष्कळदा लॅक्टिक ॲसिडला दिला जातो, पण ते तास-दीड तासात रक्तातून निघून गेलेले असते.

खांबाभोवतीचे वळण हा याहून कठीण प्रसंग. वळताना शरीराला आत खेचणारे बल लागते आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, एखादी मुलगी सेकंदाला ३ मीटर वेगाने खांबाभोवती १ मीटर त्रिज्येचे वळण घेते. तिला आत खेचायला लागणारे बल तिच्या वजनाच्या जवळपास भरते. वेग सेकंदाला ४ मीटर केला तर ते वजनाच्या दीडपटीपेक्षा जास्त होते. एवढी पकड बुटाला जमिनीवर मिळणे कठीण, म्हणून पाय घसरतो. यातून सुटायचे मार्ग दोनच: वेग कमी करायचा किंवा वळण मोठे घ्यायचे. बचावपटू अंग आत झुकवून दोन्हींचा मेळ घालते. पाठलाग करणारीला तिसरा मार्ग असतो. ती हाताने खांब धरते आणि उरलेले बल तिच्या दंडातून, खांद्यातून येते. खांबाजवळ गडी टिपण्यात तरबेज असलेल्या मुलींच्या मनगटात आणि खांद्यात एवढा जोर का असतो, त्याचे हे कारण. एका हाताने खांब धरून सगळे अंग आडवे झोकून देत दुसऱ्या हाताने गडी टिपणे, यात क्षणभर शरीराचा बहुतेक भार एका खांद्यावर येतो.

बसलेली मुलगी विश्रांती घेत नसते

आक्रमणाच्या पाळीत आठ जणी चौकात बसलेल्या दिसतात आणि नवख्या प्रेक्षकाला वाटते की कष्ट एकटीचेच आहेत. प्रत्यक्षात ते बसणे म्हणजे दबा धरणे असते. पायाचे चवडे रोवलेले, टाचा उचललेल्या, हात जमिनीवर, वजन पुढे. पाय एकमेकांना समांतर ठेवायचे की धावण्याच्या शर्यतीच्या सुरुवातीसारखे पुढे-मागे ठेवायचे, याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. पुढे-मागे पाय ठेवण्याच्या पद्धतीला मैदानावर ‘बुलेट टो’ म्हणतात.

उडी मारण्यापूर्वी माणूस नकळत थोडा खाली बसतो आणि लगेच वर झेपावतो. त्या झटक्यात स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या ताणल्या जातात, त्यांत ऊर्जा साठते आणि वर जाताना ती परत मिळते. पण खाली बसून थांबले की ही साठवण सेकंदाच्या आसपासच विरून जाते. चौकात दबा धरून बसलेल्या मुलीला हा फायदा मिळत नाही. तिला शून्यातून, निव्वळ मांड्या आणि नितंबांच्या जोरावर उठावे लागते, आणि उठता उठताच वळावेही लागते. समजा, दर तीन सेकंदांना एक खो दिला गेला. ९ मिनिटांत १८० खो होतील आणि नऊ जणींत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे वीस झेपा येतील. वीस वेळा खोल बैठकीतून उसळून उठायचे, तीन-चार पावले पूर्ण जोराने धावायचे, खो द्यायचा आणि पुन्हा खोल बसायचे. शिवाय दोन झेपांमधला वेळही वाकलेल्या गुडघ्यांवर जातो, जिथे आवळलेल्या स्नायूंमधून रक्त मोकळे वाहत नाही.

आता त्या ‘खो’कडे पाहू. आवाज ऐकून किंवा स्पर्श जाणवून हालचाल सुरू करायला माणसाला साधारण ०.१५ सेकंद लागतो. डोळ्यांनी पाहून केलेल्या हालचालीला त्याहून थोडा जास्त. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत हललेला धावक चुकीची सुरुवात केली म्हणून पकडला जातो, कारण एवढ्या लवकर कोणी ऐकून हलूच शकत नाही असे मानले आहे. खो-खोतही खो मिळण्याआधी उठणे ही चूक ठरते. म्हणजे बसलेल्या मुलीला हा ०.१५ सेकंद गमवावाच लागतो. तेवढ्यात सेकंदाला ५ मीटर वेगाने पळणारी बचावपटू ७५ सेंटिमीटर पुढे गेलेली असते, आणि गडी बाद होणे किंवा निसटणे पुष्कळदा एवढ्याच अंतरावर ठरते. ते भरून काढायला पाठलाग करणारी सूर मारते. छाती, कोपर आणि गुडघे जमिनीवर आपटतात, घासतात. मातीच्या मैदानावर कातडी सोलवटते, मॅटवर भाजल्यासारखी चरचरते. सूर मारून लगेच उठता आले तरच त्याचा उपयोग, म्हणून पोट आणि कमरेचे स्नायू या खेळात पायांइतकेच महत्त्वाचे ठरतात.

हँडबॉल आणि खो-खो

महिला हँडबॉल १९७६ पासून ऑलिंपिकमध्ये असल्यामुळे त्या खेळाडूंच्या शरीरावरील ताणाचा अभ्यास युरोपात पुष्कळ झाला आहे. ४० बाय २० मीटरच्या मैदानावर सात-सात जणी अर्ध्या-अर्ध्या तासाची दोन सत्रे खेळतात. तिथे शारीरिक धक्काबुक्की, उडी मारून चेंडू फेकणे आणि त्यामुळे खांद्यावर येणारा भार हे प्रश्न मोठे आहेत. खो-खोत धक्काबुक्की नाही, फेक नाही आणि वेळही कमी. पण झपकन थांबणे, कोन बदलणे आणि एका पायावर वळणे दोन्हीकडे सारखेच आहे. त्यामुळे हँडबॉलमध्ये जे गुडघ्यांबद्दल कळले, ते धाराशिवच्या मैदानावर थेट उपयोगाचे आहे.

गुडघा

गुडघ्याच्या आत एसीएल नावाचे एक लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारा चिवट पट्टा, असतो. नडगीचे हाड पुढे सरकू नये आणि भलतीकडे पिळू नये हे त्याचे काम. हँडबॉलमध्ये हा पट्टा तुटण्याचे बहुतेक प्रसंग कोणाचा धक्का लागून घडत नाहीत. खेळाडू हुलकावणी देताना पाय रोवते, गुडघा जवळपास सरळ असतो, अंग दुसरीकडे वळते आणि गुडघा आतल्या बाजूला कलंडतो. पाय टेकल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास पट्टा तुटतो. ऐकून किंवा पाहून सावरायला याच्या तिप्पट वेळ लागतो, म्हणजे त्या क्षणी सावरणे शक्यच नाही. पाय योग्य रीतीने टेकण्याची सवय आधीच अंगात भिनलेली असावी लागते.

अशा खेळांत मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा काही पट अधिक होते. कमरेची रुंदी, स्नायूंचे परस्परबळ, संप्रेरके, लहानपणी उड्या मारण्याची आणि पडण्याची मिळालेली कमी संधी अशी अनेक कारणे सांगितली जातात आणि त्यांतल्या कोणत्याला किती महत्त्व द्यायचे यावर अभ्यासकांचे एकमत नाही. उपायाबद्दल मात्र चांगला पुरावा आहे. नॉर्वेत १५ ते १७ वर्षांच्या हँडबॉलपटूंवर झालेला एक मोठा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. सरावाआधी पंधरा-वीस मिनिटे ठरावीक व्यायाम केलेल्या संघांमध्ये गुडघा आणि घोट्याच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. व्यायाम साधे होते: एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघे वाकवून हलके उतरणे, वळताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवणे, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ देणे. यांतल्या बहुतेकांना मैदानाच्या कडेची मोकळी जागा पुरते. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या संघात हे व्यायाम रोज व्हायला हवेत, कारण एसीएल तुटलेल्या मुलीचा निदान एक हंगाम जातो आणि शस्त्रक्रियेचा खर्च शेतकरी कुटुंबाला पेलणारा नसतो.

ताटातले बळ

सारिका काळे यांनी पुरस्काराच्या वेळी वृत्तसंस्थेला सांगितले होते की घरच्या परिस्थितीमुळे जवळजवळ दहा वर्षे त्यांना दिवसातून एकदाच जेवण मिळत असे. तेव्हा त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होत्या. त्यांची हकिगत प्रेरणादायी म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती धोक्याची सूचनाही आहे. रोज दोन-तीन तास सराव करणाऱ्या मुलीला पुरेसे अन्न मिळाले नाही तर शरीर काटकसर सुरू करते. मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडांची घनता घटते, दुखापती लवकर भरत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’ असे नाव देऊन खेळाडूंमधल्या ऊर्जेच्या तुटीचा प्रश्न जगासमोर ठेवला. पाळी थांबणे हे कष्टाचे लक्षण समजून सोडून देऊ नये. ते तुटीचे लक्षण असते आणि डॉक्टरांना दाखवायला हवे.

लोहाचा प्रश्न याहून व्यापक आहे. विहिरीचे पाणी ओढणारा पोहरा म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन आणि ते बनायला लोह लागते. पाळीमुळे मुलींचे लोह दरमहा कमी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षय असलेली मुलगी पहिल्या झेपेला चपळ दिसेल, कारण कळशीला लोहाची तशी गरज नसते. पण तिची कळशी पुन्हा भरायला वेळ लागेल आणि ती दुसऱ्या मिनिटाला मागे पडेल. प्रशिक्षक अशा मुलीला ‘दम कमी’ म्हणतात. अशा वेळी जास्त धावायला लावण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घेणे शहाणपणाचे.

या भागातल्या रोजच्या जेवणात ज्वारीची भाकरी, तूर-हरभऱ्याची डाळ, पालेभाज्या आणि शेंगदाणे असतात. साखरेचा साठा भरून काढायला भाकरी चांगली आणि शेंगदाण्यातून ऊर्जा व प्रथिने मिळतात. डाळ-भाजीतले लोह मात्र सहज शोषले जात नाही. जेवणात लिंबू पिळले तर ते जास्त शोषले जाते आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. स्पर्धेच्या दिवसांत लागोपाठ सामने असतात. स्नायूतली साखर पूर्ण भरायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून सकाळच्या सामन्यानंतर तासाभरात काही खाणे संध्याकाळच्या सामन्यासाठी मोलाचे असते.

ऊन

एप्रिल-मे महिन्यांत धाराशिवचा पारा चाळिशीला टेकतो. तापलेले शरीर थंड करायला रक्त कातडीकडे वळवावे लागते, म्हणजे धावणाऱ्या स्नायूंच्या वाट्याला ते कमी येते आणि हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त वेगाने धडधडावे लागते. घामावाटे पाणी गेले की रक्ताचे प्रमाणही घटते. अशा दिवसांत सराव सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर ठेवला जातो. नव्याने उन्हात सराव सुरू करणाऱ्या मुलीच्या शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. तोवर सरावातल्या खेळाच्या पाळ्या छोट्या ठेवाव्यात, मध्ये सावली आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी असावे. चक्कर, मळमळ किंवा अंगावर शहारे आले तर खेळ तिथेच थांबवून अंगावर पाणी ओतून वारा घालावा. घाम थांबला किंवा मुलगी असंबद्ध बोलू लागली, तर तो उष्माघात समजून अंग थंड करत करतच तिला दवाखान्यात न्यावे लागते.